बंदुकीच्या नळीला आधी पाणी, मग तेल

माननीय संपादक महोदय,

गोव्यातल्या सत्तरी, सांगे, केपे, काणकोण भागांत शेतराखणीच्या परवान्यावर ज्यांच्याकडे बंदुका आहेत, त्यांची दर पावसाळ्यात एकच तक्रार असते: नळी आतून गंजली. तेल कमी पडले असेल, असे समजून लोक आणखी तेल ओततात. दोष तेलाचा नसतो. तेल लावण्याआधी नळी पाण्याने धुतलेली नसते, म्हणून गंज चढतो.

बंदुकीची काळी दारू जळते तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायू होतच नाही. तो पोटॅशियमच्या क्षारांच्या रूपात उरतो. काही धुरासोबत उडतो, बाकीचा नळीत, विशेषतः बुडाशी, बसतो आणि हवेतली ओल ओढत राहतो. बार पेटवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या कॅपमध्ये (घोड्याखालच्या छोट्या टोपीमध्ये) पोटॅशियम क्लोरेट असते. ते जळले की पोटॅशियम क्लोराइड उरते, म्हणजे आपल्या मिठाचेच भावंड. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास गेली की त्याला पाणी सुटते, आणि गोव्यात जून ते सप्टेंबर हवा बहुतेक तशीच असते. हे क्षार तेलात विरघळत नाहीत. तेलाच्या थराखाली ते लोखंड खात राहतात, हे अमेरिकेच्या खाण विभागातील विल्बर्ट हफ यांनी १९२२ मध्येच दाखवून दिले होते. रॉकेल आणि पेट्रोल काजळी काढतात, क्षार काढत नाहीत. तो फक्त पाण्याने जातो.

ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, बार काढला त्याच दिवशी धुवावी. आधी नळीत गज सोडून आत बार नाही ना, हे पाहावे. रिकाम्या नळीत गज कुठवर जातो, तिथे कायमची खूण केलेली असावी. ती खूण नळीच्या तोंडाबाहेर राहिली तर आत बार आहे असे समजून तिथेच थांबावे. नळी दस्त्यापासून सुटी होत असेल तर सुटी करावी, निपल (कॅप जिच्यावर बसते ती छोटी पोकळ नळी) किल्लीने काढावे आणि नळीचे बूड बादलीत ठेवावे. बादलीत दोनेक लिटर कढत पाणी आणि भांडी घासण्याच्या साबणाचे चार-पाच थेंब पुरे. गजाला घट्ट बसणारी सुती चिंधी गुंडाळून वरखाली करावे. गज वर ओढला की निपलच्या भोकातून पाणी आत खेचले जाते, दाबला की काळेशार होऊन बाहेर पडते. कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो दारूतल्या गंधकाचा. पाणी स्वच्छ येईपर्यंत ते बदलत राहावे. नळी सुटी होत नसेल तर निपलवर घट्ट रबरी नळी चढवून तिचे दुसरे टोक बादलीत सोडावे आणि लाकडाला पाणी लागू देऊ नये.

शेवटचे खळबळणे बिनसाबणाच्या उकळत्या पाण्याने करावे. लोखंड तापते आणि आपसूक वाळते. खाजनाकाठच्या, म्हणजे खाडीलगतच्या सखल शेतांजवळच्या, विहिरींचे पाणी खारट असते आणि उकळून त्यातले मीठ जात नाही. तिथे पावसाचे किंवा बॅटरीत घालायचे शुद्ध (डिस्टिल्ड) पाणी वापरावे.

मग चिंधी कोरडी येईपर्यंत पुसावे, निपलचे भोक कोंबडीच्या पिसाच्या देठाने साफ करावे आणि त्यानंतरच तेलाचा पातळ हात फिरवावा. दुसऱ्या दिवशी पांढरी चिंधी फिरवून पाहावी. ती तांबूस आली तर सगळे पहिल्यापासून करावे.

बारा बोअरच्या बंदुकीत आजची काडतुसे बहुधा असा क्षार सोडत नाहीत. जुन्या साठ्यातली किंवा खात्री नसलेली वापरली असतील तर नळ्या सुट्या करून तशाच धुवाव्यात. खटक्याच्या भागात मात्र पाणी ओतू नये. ओल्या, पिळलेल्या फडक्याने पुसून कोरडा करावा.

खोबरेल कृपा करून लावू नका. काही महिन्यांत ते चिकट होते आणि घोडा जड चालू लागतो. शिवणयंत्राचे तेल चांगले. महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर ग्रीसचा पातळ थर. चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या म्यानात बंदूक ठेवू नये, ते ओल धरते. पुन्हा बार भरण्याआधी नळी कोरडी पुसून, सुरक्षित दिशेला, तोंडासमोर गवताचे पाते येईल अशी धरून एक कॅप उडवावी. पाते हलले तर वाट मोकळी आहे. नाही हलले तर तेल किंवा काजळी अडकली आहे. अशा निपलवर बार भरला की तो उडत नाही, किंवा उशिरा उडतो. कॅप वाजूनही बार उडाला नाही तर निदान एक मिनिट नळीचे तोंड सुरक्षित दिशेला धरून ठेवावे.

निवडणूक आचारसंहितेच्या काळात परवान्यावरील शस्त्रे बहुधा पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. २०२४ मध्ये आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि निकाल ४ जूनला लागला. म्हणजे जमा झालेल्या बंदुका ऐन पावसाच्या तोंडापर्यंत तिथेच होत्या. न धुता दिलेली नळी एवढ्या काळात खड्डे पडून कायमची खराब होऊ शकते. म्हणून जमा करण्याच्या आदल्या दिवशी ती धुऊन, ग्रीस लावून द्यावी. पोलीस खात्यालाही विनंती आहे: बंदुका जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून न ठेवता लाकडी घोडीवर ठेवाव्यात आणि महिन्यातून एकदा ठाण्यातच, पोलिसांच्या देखरेखीखाली, मालकाला नळी पुसून तेल लावू द्यावे.

— एक परवानाधारक बागायतदार, सत्तरी