बीच म्हणजे समुद्र नव्हे, बाबा

प्रिय आई-बाबा,

फोनवर मी म्हटलं की हल्ली दिवसभर बीचमध्येच असते आणि बाबा तुम्ही लगेच म्हणालात पाण्यात जपून, तेव्हाच ठरवलं की हे नीट लिहूनच सांगावं. बीच हे झाड आहे हो! जर्मनीत पानगळीच्या झाडांमध्ये सगळ्यात जास्त जागा याचीच. खोड राखाडी, गुळगुळीत, हत्तीच्या पायासारखं. साल मात्र एकदम पातळ, आणि तिथेच सगळी गोची आहे.

इथे १९८४ पासून दर उन्हाळ्यात झाडांची तपासणी होते, तेव्हा आम्लपावसाने जंगलं संपणार म्हणून भयंकर गहजब झाला होता, त्यातून हे सुरू झालं. झाडं ठरलेली, नंबर घातलेली. आपण खाली उभं राहून दुर्बिणीतून शेंडा बघायचा, पानं किती टक्के कमी आहेत ते ५-५ च्या टप्प्यात लिहायचं, बस. मान जाम दुखते, आई, रोज शेक घेते. ज्या वर्षी झाडाला भरमसाट बिया धरतात त्या वर्षी पानं तशीही कमी असतात, म्हणून बियांचीही नोंद ठेवायची, नाहीतर बिचाऱ्या झाडाला उगाच आजारी ठरवू आपण.

पण खरंच आजारी आहेत. २०१८ च्या दुष्काळात ऑगस्टमध्येच पानं तपकिरी झाली, पुढचं वर्षही कोरडंच गेलं, आणि २०२० च्या तपासणीत निम्म्याहून जास्त बीचचे शेंडे चांगलेच विरळ निघाले. थुरिंगियात हाइनिश म्हणून नॅशनल पार्क आहे, जागतिक वारसा वगैरे, तिथे कोणी कुऱ्हाड लावत नाही तरी मोठमोठी झाडं वाळली. होतं काय, की आधी वरच्या बारीक फांद्या मरतात, मग शेजारचं झाड गेलं की जन्मभर सावलीत राहिलेल्या खोडावर थेट ऊन येतं आणि ती पातळ साल चक्क भाजते, तडकते, मग बुरशी शिरते, किडे शिरतात, आणि एक दिवस वारा नसतानाही अख्खी फांदी खाली. हेल्मेट घालते, काळजी नको.

परवा एका झाडावर कोणीतरी कोरलेलं १९७१ दिसलं. खोड जाड होत गेलं तसे आकडे पसरून चांगले बोटभर रुंद झालेले, आणि ७ च्या बाजूने साल पापुद्र्यासारखी सुटलेली, आत भुसा. त्याच झाडाचा शेंडा मला बरा वाटला, हिरवा होता की! मी ३५ लिहिलं आणि मग जुना कागद काढला तर पाच वर्षांपूर्वी १५, मधे २०, २५. रोज तिथून जाणाऱ्या वनरक्षकाला विचारलं तर तो म्हणतो, आहे तसंच आहे की.

तर बाबा, नुसता या महिन्याचा शुगरचा रिपोर्ट "सगळं ठीक" म्हणून पाठवलात तो चालणार नाही. कपाटातल्या निळ्या फाईलमधले मागच्या पाच वर्षांचे सगळे कागद तारखेने लावून आईकडून फोटो काढून पाठवा. आणि आई, तुझे पण.

तुमची,
ताई