हत्ती धपधप यायला हवा होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या बालपुरवणीतली हत्तीची गोष्ट मी नातीला वाचून दाखवत होते. ‘हत्ती मोठा आवाज करत चालत आला’ या वाक्याशी तिने मला थांबवले. ‘आज्जी, कसला आवाज?’ मी म्हटले, धप्प, धप्प, धप्प. ती लगेच उठली आणि घरभर तशीच चालली. गोष्ट छान होती, चित्रही सुरेख. पण जो शब्द ऐकून मूल उठून चालायला लागते, नेमका तोच छापायचा राहिला. त्याची चुटपुट लागली म्हणून हे पत्र.

जड, वाजत्या पावलांसाठी मराठी बहुतेक वेळा ‘चालणे’च्या आधी आवाज ठेवते. रागावलेला माणूस दाणदाण पाय आपटत जातो. बूटवाला खाडखाड येतो, घाईतला जिना धाडधाड उतरतो, स्लीपर फटक फटक वाजते आणि चिखलातून येणाऱ्याचे पाय पचक पचक. जरा मोठ्याने म्हणून पाहा. दाणदाण, खाडखाड, धाडधाड यांतला ‘आ’ पायाइतकाच दणकून पडतो, आणि इवल्या पावलांच्या दुडुदुडु, तुरुतुरु, लुटुलुटुमध्ये सगळीकडे ‘उ’. झपझप चालणाऱ्याने आणखी घाई केली की मधे एक काना वाढतो, तो झपाझप होतो.

पाय उचलवेनासा झाला की मात्र क्रियापदेच पुढे येतात: रखडणे, खुरडणे, फरफटणे. माझे वडील आजारी पडले तेव्हा डॉक्टरांनी ‘चालतात कसे?’ असे विचारले. आई म्हणाली, ‘आधी पाय घाशीत चालायचे, आता डावा पाय फरफटतो.’ आई चौथीपर्यंत शिकलेली. डॉक्टरांनी तिचे वाक्य जसेच्या तसे लिहून घेतले.

२०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालून शेतकरी मुंबईत आले. दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना अडचण नको म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीच चालून काढला. त्यांच्या फोड आलेल्या, सोललेल्या तळव्यांची छायाचित्रे मी अजून विसरलेले नाही. मजकुरातले मला आठवते ते ‘पायी आले’ एवढेच. त्या तळव्यांनी माणूस नुसता पायी येत नाही. कोणी खुरडत आला असेल, कोणी पाय ओढत, कोणी टाच टेकवता येत नाही म्हणून चवड्यांवर. बातमीदार त्यांच्या बरोबर होते, त्यांनी ते पाहिले असणार.

मी प्राथमिक शाळेत शिकवले. ध्वनिदर्शक शब्दांची यादी मुलांकडून पाठ करून घेत असे: पानांची सळसळ, घड्याळाची टिकटिक, बांगड्यांचा किणकिणाट. त्या यादीत पायांच्या वाट्याला एक पैंजणांची छुमछुम तेवढी होती. कोल्हापुरी वहाणेची करकर नव्हती, आणि ती यादीत घालावी हे मलाही तेव्हा सुचले नाही.

यांतले काही शब्द मुलींच्या कानांवर ओरडा म्हणूनच पडले, हेही खरे. ‘धपाधपा काय चालतेस, भुई हादरतेय!’ हे मी लहानपणी रोज ऐकले. तो ओरडा गेला ते फार बरे झाले. शब्द मात्र जायला नको होता. माझी नात आता तो आनंदाने, हत्ती होऊन वापरते.

आपणाला विनंती एवढीच की बालपुरवणीत एक छोटा चौकोन या शब्दांसाठी ठेवावा आणि वाचकांकडून ते मागवावेत. माझे शब्द सातारकडचे आहेत. खानदेशात, वऱ्हाडात, कोकणात, गोव्यात चिखलातून चालणारा पाय कसा वाजतो, हे तिथल्या आजी-आजोबांनी लिहून कळवावे. पहिल्या आठवड्यासाठी मी ‘पचक पचक’ पाठवत आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा