मागच्या बाकावरच्या आजोबांना

आदरणीय आजोबा,

साष्टांग नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, पत्ता तर माहीत असण्याचा प्रश्नच नाही. नात सुट्टीपुरती माझ्या कागदाच्या घड्यांच्या तासाला आली होती, तिला न्यायला तुम्ही आलात, आणि तास संपल्यावर मी टेबलाखालचे कपटे गोळा करत होते तेवढ्यात दोघं निघूनही गेलात. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहिते आहे. तुमच्यापर्यंत पोचलं तर उत्तमच. नाही पोचलं तर नाताळसाठी पोरांना घेऊन कागद दुमडायला बसणाऱ्या कुणाच्या तरी कामी येईल.

तुम्ही मागच्या बाकावर बसून माझी फजिती बघत होतात, हे मला फार उशिरा कळलं. समोर बारा मुलं, सहा ते आठ वर्षांची. मी आठवडाभर घरी बसून एक सांताक्लॉज घोटून आणला होता: बावीस घड्यांचा, दाढी, पट्टा आणि बूट असलेला. चौथ्या घडीला दोन मुलं रडकुंडीला आली. सहाव्या घडीला एकाने कागदाचा बोळा करून खिडकीतून टाकला. मग मी प्रत्येकाच्या हातातला कागद ओढून "दे, मी करते" म्हणायला लागले. अर्ध्या तासात माझे साडेतीन सांता झाले होते आणि मुलं खुर्च्यांवर उभी होती.

तुम्ही उठून आलात आणि एवढंच विचारलंत, "मी एक कागद घेऊ का?"

आधी तुम्ही कागद बोटांत धरून चोळलात. "हा पुठ्ठ्याचा भाऊ आहे," म्हणालात. मी मुद्दाम जाड, चकचकीत कागद आणला होता, चांगला दिसावा म्हणून. पुस्तकं बांधण्यात आयुष्य गेलंय असं तुम्ही सहज बोललात आणि कागद आधी उभा, मग आडवा नुसता वाकवून दाखवलात. एकीकडून तो गुमान वाकत होता, दुसरीकडून अडत होता. कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेने झोपतात. त्यांच्या बाजूने घडी सरळ बसते, त्यांना आडवी गेली की जाड कागदाची कड फाटल्यासारखी होते. मला वाटत होतं, मुलांच्या बोटांत जोर नाही. चूक कागदाची होती, म्हणजे माझीच.

मग तुम्ही कपाटातले एका बाजूने छापलेले रद्दी कागद मागवलेत, नेहमीचे ए-फोर. कोपरा तिरका दुमडून चौकोन काढायला सगळ्यांना येतं. पण खाली जी पट्टी उरते ती मी आजवर फेकून देत होते. तुम्ही ती बाजूला ठेवायला लावलीत. कागद २९७ मिलिमीटर लांब, २१० रुंद, म्हणजे पट्टी ८७ मिलिमीटरची, आणि तिच्यातून ८७ चे दोन छोटे चौकोन निघतात. "याचं काम नंतर," म्हणालात. रंगीत कागद नव्हता, तर मुलांना छापील बाजू खडूने लाल नाहीतर हिरवी रंगवायला बसवलंत. दहा मिनिटं खोलीत चिडीचूप. अक्षरं रंगाखालून डोकावत होती, पण त्याची तक्रार एकाही मुलाने केली नाही.

आणि मग तो एकच आकार. चौकोन घ्यायचा, रंगीत बाजू खाली. कोपरा समोरच्या कोपऱ्यावर ठेवून दुमडायचा, नख फिरवायचं, परत उघडायचा. मधोमध रेघ उमटते. रेघेचं एक टोक वर धरायचं आणि त्या टोकाच्या दोन्ही बाजूंच्या कडा रेघेपाशी आणायच्या. झालं. ओरिगामीत, म्हणजे कागदाच्या घड्यांच्या जपानी कलेत, या आकाराला पतंग म्हणतात. मी तसं सांगितल्यावर एक मुलगी म्हणाली, "हा कुठे पतंग? हा आइस्क्रीमचा कोन आहे." तुम्ही लगेच शब्द बदललात. तेव्हापासून आमच्याकडे तो कोनच.

कडा रेघेपर्यंत आणायच्या, पण रेघेवर चढवायच्या नाहीत, केसाएवढी फट सोडायची, हे तुम्ही "दाराच्या दोन फळ्या आहेत, एकमेकींना धडकवू नका" असं सांगितलंत. मी हेच आधी "अगदी अचूक जुळवा" असं सांगत होते. कागदाला जाडी असते, फट ठेवली नाही तर पुढची घडी फुगते. पण सहा वर्षांच्या मुलाला जाडी समजत नाही, दार समजतं. घडी आत पडली की "पुस्तक मिटलं", बाहेर पडली की "छप्पर झालं". घरी आकृत्या वाचताना मला ही दरी घडी, ती डोंगर घडी, ही तुटक रेघ, ती टिंबाची रेघ, याने डोकं धरायची वेळ आली होती. त्या रेघा आणि बाणांची पद्धत मुळात जपानच्या अकिरा योशिझावा यांनी बसवली, हे मी नंतर वाचलं. हा माणूस तरुणपणी कारखान्यात कामाला होता आणि नव्या कामगारांना भूमिती शिकवताना कागदाच्या घड्या वापरायचा. वाचताना मला तुमची दारं आणि छपरं आठवली.

लाल कोनाचं टोक वर धरलं की लाल टोपी आणि खाली पांढरा त्रिकोण. त्या त्रिकोणातच डोळे, नाक आणि दाढी काढायची, टोपीचा शेंडा एका बाजूला वाकवायचा: सांता तयार. एकूण घड्या चार. हिरवा कोन घेऊन तोच पांढरा त्रिकोण मागे वळवला की झाड. पंधरा, बारा आणि नऊ सेंटिमीटरच्या चौकोनांची तीन झाडं केली, मोठं खाली, छोटं वर, थोडं थोडं एकमेकांवर चढवून चिकटवलं, की भरगच्च ख्रिसमस ट्री. माझ्या बावीस घड्यांच्या सांताकडे त्यानंतर कुणी ढुंकूनही बघितलं नाही. खरं सांगायचं तर मला तेव्हा जरा रागच आला होता.

तुम्ही मुलांच्या समोर बसला नाहीत, हेही मी टिपून ठेवलंय. समोर बसलं की आपला उजवा हात त्यांच्या डाव्या बाजूला येतो आणि अर्धी मुलं उलटी घडी घालतात. तुम्ही त्या बुटक्या खुर्चीत, त्यांच्यातच, त्यांच्याच दिशेला तोंड करून बसलात आणि वर्तमानपत्राचा भलामोठा चौकोन करून दाखवलात, म्हणजे मागच्यालाही कोपरा दिसेल. आणि एकाही मुलाच्या कागदाला हात लावला नाहीत. एकाची टोपी इतकी वाकडी झाली होती की माझे हात शिवशिवत होते. तुम्ही फक्त म्हणालात, "याचा सांता कुणाला तरी शोधतोय." मुलाने सांताकडे निरखून पाहिलं आणि त्याचे डोळे त्याच बाजूला वळवून काढले.

शेवटी पट्ट्यांचं काम आलं. एका कागदाचे दोन, चार कागदांचे आठ छोटे चौकोन. आठांचे आठ कोन. या वेळी टोक बाहेर आणि न दुमडलेला कोपरा मध्याशी. दुसऱ्या कोनाची कड पहिल्याच्या मधल्या रेघेवर टेकवायची, तिसऱ्याची दुसऱ्याच्या, असं फिरत जायचं. न दुमडलेला कोपरा ९० अंशांचा, प्रत्येक कागदी कोन आधीच्यावर अर्धा चढतो, म्हणजे दर वेळी ४५ अंश पुढे. आठ वेळा ४५ म्हणजे बरोबर पूर्ण फेरी. शेवटच्याची कड पहिल्याच्या खाली सरकवायची. टाकून दिलेल्या पट्ट्यांतून जवळजवळ साडेचोवीस सेंटिमीटरचा तारा. मुलांना अंशांशी काही देणंघेणं नव्हतं, पण "आठवा बसेल का?" म्हणून सगळी टेबलावर ओणवी झाली होती. बसला नाहीच. प्रत्येकाने इंचभराचा दहावा हिस्सा इकडेतिकडे केला की आठव्यापर्यंत ते सगळं साचतं. म्हणून तुम्ही आधीच डिंकाचा एकेक ठिपकाच लावायला सांगितलं होतं. सगळे कोन थोडे थोडे सरकवून आठव्याला जागा झाली.

ओरिगामीत चिकटवणं चालत नाही असं म्हणणारे लोक आहेत. असोत. सहा वर्षांच्या मुलाला डिंक नाकारण्याइतकी शुद्धता मला परवडत नाही.

तुम्ही जाता जाता म्हणालात, हाच तारा पतंगाच्या पातळ कागदाचा करून काचेला लावा. पुढच्याच आठवड्यात केला. उजेड मागून आला की जिथे एक पदर तिथे फिका, जिथे तीन-चार तिथे गडद, आणि ताऱ्याच्या आत दुसरा तारा उमटतो जो कुणीच दुमडलेला नसतो. कुणीतरी आत रंग भरलाय अशी एका मुलाची खात्रीच झाली होती. त्याला तारा काचेवरून काढून हातात दिला तेव्हा आतला तारा गायब झाला. परत लावला, परत आला. असं त्याने सात-आठ वेळा केलं.

नंतर मी या नादाला लागले. बालवाडीची कल्पना मांडणारे जर्मनीचे फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये आपली पहिली बालवाडी काढली आणि मुलांच्या उद्योगांत कागदाच्या घड्या ठेवल्या. त्यांच्या नावाचा एक नाताळचा ताराही आहे, कागदाच्या चार लांब पट्ट्या एकमेकींत विणून केलेला. तो मी मुलांबरोबर करायला घेतला आणि गुंडाळून ठेवला. पट्टी आतून काढून बाहेर ओढताना मोठ्यांचीही बोटं अडखळतात. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना जमेल, सहाच्यांना नको. न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये दर वर्षी घडीच्या कागदी प्राण्यापक्ष्यांनी मढवलेलं नाताळचं झाड उभं करतात, त्याची छायाचित्रं मुलांना दाखवली. प्रतिक्रिया एकच आली: "यात आपला कोन कुठाय?"

एका बाबतीत मात्र मी तुमचं ऐकलं नाही. चमकी आणू नका म्हणाला होतात. आणली. अजून माझ्या चष्म्याच्या खाचेत सापडते.

यंदा चौकोन आधीच कापून ठेवले आहेत, पट्ट्या वेगळ्या. पहिला तारा अजून खिडकीत आहे, त्याचं एक टोक सुटलंय आणि मुलं मला ते चिकटवू देत नाहीत. नातीला घेऊन पुन्हा आलात तर मागच्या बाकावर बसू नका. बुटकी खुर्ची तुमच्यासाठी मधेच ठेवली आहे.

तुमची,
बावीस घड्यांची बाई