फोन उचलणं तरी जागच्या जागी राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका दुपारी आईला सात वेळा फोन लावला, तिने एकदाही उचलला नाही. धावत घरी गेलो. ती फोन हातात धरून बसली होती. म्हणाली, "वाजतो रे, पण उचलायचं कुठे तेच नाहीसं झालंय." रात्रीतून अपडेट झालं होतं. कालपर्यंत हिरव्या गोलावर बोट टेकवलं की फोन लागायचा, आता तो गोल वर सरकवायचा होता. मग ती हळूच म्हणाली, "मीच काहीतरी बिघडवलं असणार." हे वाक्य मला फार लागलं.

म्हातारी माणसं शिकत नाहीत, असं आपण सर्रास म्हणतो. माझी आई 82 वर्षांची आहे. व्हिडिओ कॉल कसा लावायचा हे तिने वहीत एकेक पायरी लिहून, चित्रं काढून शिकून घेतलं. त्या वहीतली चार पानं एका अपडेटने खोटी ठरवली. मग शिकण्यात कमी पडलं कोण?

शरीराचाही विचार झालेला नाही. टचस्क्रीनला दाब कळत नाही, त्वचेतून जाणारा सूक्ष्म विद्युतभार कळतो. वयाबरोबर बोटांची त्वचा कोरडी पडते आणि स्क्रीन दाद देईनाशी होते. मग माणूस जोर लावतो, बोट तसंच दाबून धरतो, कारण बटणांच्या फोनवर तीच सवय लागलेली. पण इथे दाबून धरण्याचा अर्थच वेगळा. आयकॉन हलतात, भलतीच यादी उघडते, कधी अॅपच पुसलं जातं. बटणांच्या फोनवर 5 च्या आकड्यावर बारीक उंचवटा असायचा, न बघता बोटाला जागा सापडायची. गुळगुळीत काचेवर तसा आधार कुठेच नाही. रिंगटोनचंही तसंच. उतारवयात आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, म्हणून खर्जातली रिंग लावून द्यावी.

उपाय नाहीत असंही नाही. अँड्रॉइडमध्ये बोट किती वेळ टेकलं म्हणजे 'दाबून धरलं' समजायचं, हे वाढवता येतं. सॅमसंगच्या फोनमध्ये 'इझी मोड' आहे, आयफोनमध्ये 2023 पासून 'असिस्टिव्ह अॅक्सेस': मोजकी अॅप, मोठी चित्रं, मागे जायला ठळक बटण. पण या सोयी सेटिंगच्या पोटात दडलेल्या. ज्याला त्यांची गरज, त्याला तिथवर पोहोचताच येत नाही. नवा फोन सुरू करताना भाषा विचारतात, तसंच "अक्षरं मोठी हवीत का? स्क्रीन सोपी हवी का?" हेही तिथेच विचारायला काय हरकत आहे?

मुलानातवंडांनाही एक विनंती. "आण इकडे, मी करून देतो" म्हणत फोन हातातून ओढून घेऊ नका. मीही कित्येक वर्षं तेच केलं. बोट त्यांचंच चालू द्या, वेळ लागला तरी.

आणि फोन बनवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे, की बाकी काय हवं ते बदला. पण फोन उचलणं, ठेवणं आणि ठरलेल्या चार माणसांना लावणं, या तीन गोष्टी मालकाला विचारल्याशिवाय जागच्या हलवू नका.

आपला नम्र,
एक वाचक