लेबर रूममधल्या सिस्टरना, तीन वर्षं उशिरा

प्रिय सिस्टर,

परवा धाकटी तीन वर्षांची झाली. केक कापून झाल्यावर आईने हळूच विचारलं, त्या आदिलाबादच्या बाईंना फोन केलास का गं, आणि माझ्या पोटात कालवलं, कारण तुमचा नंबरच माझ्याकडे नाही. डिस्चार्जच्या गडबडीत घ्यायचा राहिला, नंतर लसीला आले तेव्हा कळलं तुमची बदली झाली. म्हणून इथे लिहितेय, मराठीतूनच, कारण तुमच्या आईचं माहेर किनवटचं हे तुम्हीच रात्री दोन वाजता माझी कंबर चोळता चोळता सांगितलं होतं.

मी तुमच्या ओपीडीत पहिल्यांदा आले ते सातव्या महिन्यात आणि आल्या आल्या म्हटलं, मला सिझरच करायचंय. तुम्ही रागावला नाहीत, "नॉर्मलच चांगलं असतं" हे लेक्चरही दिलं नाहीत. फक्त विचारलं, मागच्या वेळी काय झालं होतं? बाहेर एवढी लाईन आणि तुम्ही पेन खाली ठेवून ऐकत बसलात. थोरल्याच्या वेळचं ते मी तोवर कुणालाच नीट सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. प्रायव्हेटमध्ये गेले होते, गेल्याबरोबर कळांचं सलाईन, उताणं झोपवून पाय अडकवलेले, पाण्याचा घोट नाही, एकजण कोपराने पोट दाबतेय, न विचारता खालच्या जागेला कट घेतला आणि वर ओरडू नको म्हणून दम. टाके दोन महिने दुखले. कागदावर मात्र नॉर्मल डिलिव्हरी! घरचे म्हणायचे, सुटलीस, नॉर्मल झाली ना.

त्यात आम्ही नांदेडहून नवऱ्याच्या नोकरीमुळे तेलंगणात आलेलो, आणि इथे आजूबाजूला ज्या बाईला विचारावं ती सिझरचीच, काही तर मुहूर्त काढून केलेल्या. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तेलंगणात 60.7 टक्के बाळंतपणं सिझरने झालेली आहेत, देशात सगळ्यात जास्त. मग मीही ठरवून टाकलं होतं. सरकारीत आलो ते खरं सांगायचं तर पैशांमुळे आणि केसीआर किटमुळे, म्हणजे सरकारीत बाळंत होणाऱ्यांना मदत द्यायची ती तेलंगणा सरकारची योजना, मुलगी झाली तर 13,000 मिळायचे. मिडवाइफ नावाची, तुमच्यासारखी बाळंतपणाचं खास ट्रेनिंग घेतलेली वेगळी सिस्टर असते हे मला माहीतच नव्हतं. (वाचणाऱ्यांना सांगते, तेलंगणाने 2017 मध्ये करीमनगरला 30 नर्सेसना घेऊन हे 18 महिन्यांचं ट्रेनिंग सुरू केलं, केंद्र सरकारच्या मिडवाइफरीच्या गाइडलाइन्स त्यानंतर 2018 ला आल्या.)

तुम्ही एवढंच म्हणालात, सिझर करायचं का ते डॉक्टरांशी बोलून ठरवू अम्मा, पण घाबरून ठरवू नको. त्या एका वाक्यावर मी घरी जाऊन रात्रभर रडले, हलकं वाटून.

मग ती रात्र. पिशवीचं तोंड संध्याकाळी चार सेंटीमीटर उघडलेलं, रात्री अकराला पाच. मला वाटलं आता सलाईन लावणार. तुम्ही म्हणालात पाचपर्यंत वेळ लागतोच, आणि तासाला एक सेंटीमीटर हा हिशोब सगळ्यांना लागू होत नाही. नंतर मी वाचलं, जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये हेच सांगितलंय. तुम्ही मला चालायला लावलं, खिडकीचा गज धरून झुलायला लावलं, आईला आत येऊ दिलं, तिच्या हातून चहा पाजला. आणि दर अर्ध्या तासाने, मग दर पंधरा मिनिटांनी पोटाला डॉपलरचं यंत्र लावून बाळाचे ठोके मोजायचात, आवाज मोठा करून मलाही ऐकवायचात.

तीनच्या सुमारास शेजारच्या खाटेवरच्या मुलीचं पाणी गेलं ते हिरवं होतं, म्हणजे बाळाने पोटातच शी केली होती, आणि बाळाचे ठोके उतरले. तुम्ही एक मिनिट घालवलं नाही, डॉक्टरांना फोन, दुसऱ्या सिस्टरना माझ्यापाशी उभं केलं आणि स्ट्रेचर स्वतः ढकलत ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. परत आलात तेव्हा हात धुता धुता म्हणालात, बाळ रडलं. आई म्हणाली, अरेरे, तुम्ही तिच्यासाठी एवढे कष्ट घेतले आणि शेवटी सिझरच झालं. त्यावर तुम्ही म्हणालात, "माझं कुठं काय आहे त्यात अम्मा, मला दोघं घरी गेलेली पाहिजेत."

सिस्टर, त्यावर आई का रडायला लागली हे तुम्हाला कळलं नसेल. माझ्या आधी तिला एक मुलगा झाला होता, घरीच, सुईणीच्या हातून. सुईण मायाळू होती पण दोन दिवस वाटच बघत राहिली, कधी हलवायचं हे सांगणारं गावात कुणी नव्हतं. बाळ गेलं. त्यामुळे "पूर्वी सगळं नैसर्गिक व्हायचं" असं कुणी बोललं की आई उठून स्वयंपाकघरात जाते. त्या रात्री तिने पहिल्यांदा अशी बाई बघितली जी धीरही धरते आणि वेळेवर हलवतेही. त्यानंतर ती माझ्या पायाशी शांत बसली, आणि ती शांत झाली म्हणून मी पण झाले.

सव्वापाचला मी डाव्या कुशीवर होते, तुम्ही गरम पाण्यात पिळलेलं फडकं खाली धरलं होतं आणि म्हणत होतात आता जोर नको, चहावर मारतेस तशी फुंकर मार, नेम्मदिगा, नेम्मदिगा, हळूहळू. एकही टाका पडला नाही. पोरगी ओलीचिंब तशीच छातीवर दिलीत आणि माझी बोटं धरून नाळेवर ठेवलीत, ती अजून उडत होती, टुक टुक. ती पांढरी पडून थांबेपर्यंत तुम्ही कात्री उचलली नाही. थोरल्याच्या वेळी नाळ कधी कापली मला ठाऊकही नाही.

तुमची कुठे बदली झाली कुणाला माहीत असेल तर प्लीज त्यांना हे दाखवा. आईने तुमच्यासाठी निळी इरकल घेऊन ठेवलीय, तीन वर्षं झाली, ट्रंकेत डांबरगोळ्या घालून आहे.

तुमची,
खाट नंबर चार