बावखल बुजवलं की वाडीची विहीर पण गेली समजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आमच्या शेजारच्या वाडीतलं बावखल बुजवलं. तीन दिवस डंपर येत होते, डेब्रिज ओतत होते, चौथ्या दिवशी वर लाल माती पसरून जेसीबीने सपाट केलं आणि संपलं. काठावरच्या भेंडीच्या झाडावर खंड्या बसायचा, तो दोन दिवस तारेवर येऊन बसत होता, आता तोही दिसत नाही.

वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, बावखल म्हणजे वाडीत, म्हणजे आमच्या बागायतीत, खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. आमच्या वाडवडिलांनी पिढ्यान् पिढ्या जपलेलं. पावसाचं पाणी त्यात साठतं, हळूहळू मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरींना मिळतं. वसईच्या पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी, म्हणजे जमिनीखाली खारं पाणी जवळच आहे, आणि गोडं पाणी हलकं असल्यामुळे ते खाऱ्यावर तरंगत राहतं. वरून मुरणं थांबलं आणि खालून उपसा चालूच राहिला की खारं पाणी वर सरकतं. मग केळीच्या पानांच्या कडा करपायला लागतात, आणि एकदा खारी झालेली विहीर काही वर्षादोनवर्षात परत गोडी होत नाही हो.

हे काही पुस्तकात वाचून सांगत नाहीये. ऐंशी-नव्वदच्या दशकात इथल्या विहिरींचं पाणी उपसून टँकर भरभरून नव्या बिल्डिंगांना विकलं जायचं, तेव्हा कितीतरी बागायतदारांच्या विहिरी खाऱ्या झाल्या. त्यातूनच धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, लोक रस्त्यावर आले. आज जो थोडाफार हिरवा पट्टा उरलाय, जिथून मोगरा, जुई, चाफा, पालेभाजी पहाटेच्या लोकलने मुंबईला जाते आणि जिथे अजून राजेळी केळी सुकवून सुकेळी करतात, तो त्या लोकांमुळे उरलाय. दिब्रिटो फादर 2024 मध्ये गेले. पण आमची पिढी मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर हिरव्या वसईचे फोटो टाकण्यापलीकडे काही करत नाही याचं खरंच वाईट वाटतं.

माझं म्हणणं एकच आहे, नुसता नकाशावर हिरवा रंग भरून हिरवा पट्टा टिकत नाही, त्यातलं पाणी टिकलं तर तो टिकतो. आमच्या सातबाऱ्यावर बावखलाची वेगळी नोंदच नाही, सगळं बागायत म्हणून एकत्र लिहिलंय. त्यामुळे शेजारची तक्रार घेऊन मी एका ऑफिसात गेले तर मला विचारलं, तळं होतं याचा पुरावा काय? आता माझ्या आजेसासूबाई त्या पाण्यावर कपडे धुवायच्या हा पुरावा कुठे जोडायचा? म्हणून प्रत्येक बावखलाची मोजणी करून ते गाव नकाशावर आणि विकास आराखड्यात जलस्रोत म्हणून आलंच पाहिजे, म्हणजे बुजवणाऱ्याला निदान परवानगी तरी मागावी लागेल.

शेजाऱ्यांना मी दोष देत नाही. चार भाऊ, वाडीत कामाला माणूस मिळत नाही, मुलं नोकरीला, आणि गुंठ्याचा भाव ऐकला तर कुणाचंही डोकं फिरेल. नुसती बंदी घालून ह्यांचं पोट भरणार नाहीये. जो बावखल राखतो, गाळ काढतो, त्याला घरपट्टीत सूट द्या, गाळ काढायला अनुदान द्या. त्याच्या पाण्यावर अख्खी आळी जगते, मग खर्च त्याने एकट्याने का करायचा?

आणि हिरवा पट्टा नुसता वाचवून भागणार नाही, पावसाचं पाणी सामावणाऱ्या जागाही त्यात घेऊन वाढवला पाहिजे. वसईच्या पूर्वेला असलेल्या तुंगारेश्वरच्या डोंगरावरून उतरणारं पाणी सखल भागातून, मिठागरांतून आणि कांदळवनातून खाडीला जातं. जुलै 2018 मध्ये वसई-विरार पाण्यात बुडालं, मिठागरात लोक अडकून पडले, कित्येक घरांत लाइट नव्हते, ते कुणी विसरलं नसेल. त्याच वर्षी मुंबई हायकोर्टाने कांदळवन तोडायला बंदी घातली आणि भोवतीचा 50 मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितलं. कांदळवनाला कोर्टाचा आधार आहे, मग त्याच्या मागची मिठागरं, पाणथळ जागा आणि वाड्या यांनाही तसाच कायमचा आधार द्या, आराखडा बदलला की झोन बदलला असं नको.

आमच्या वाडीत अजून एक बावखल आहे, साधारण दीड गुंठ्याचं, मे महिन्यातही त्यात कमरेएवढं पाणी असतं. मोजणी सुरू करायची असेल तर पहिली आमच्याकडून करा. फक्त पावसाआधी या, जून लागला की काठ पाण्याखाली जातो.

आपली,
एक वाडीवाली, वसई (पश्चिम)