‘सगळं नॉर्मल आहे’ म्हणजे नेमकं काय समजायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी धाकटी बहीण हुपरीला दिली आहे. चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडायचं काम ती घरातच करते. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिच्या ओटीपोटात दुखायला लागलं, ते आठ वर्षं दुखतच राहिलं. पाळीच्या आधीचे चार दिवस मांडी घालून बसता येत नसे. मग भिंतीला पाठ टेकून, उभ्यानं कड्या जोडायची. शौचाला बसलं की कळ, अंगात त्राण नाही. आमच्या आईनं सगळी दुखणी अंगावर काढली, हिनंही आधी तेच केलं.

नंतर दवाखाने सुरू झाले. इचलकरंजी, कोल्हापूर, एकदा मिरजही. सोनोग्राफी तीनदा, तिन्ही वेळा नॉर्मल. कुणी पित्त सांगितलं, कुणी बद्धकोष्ठ. एका डॉक्टरांनी गोळ्या लिहिता लिहिता मला विचारलं, "घरात काही ताण आहे का यांना?" दुखणं तिचं, ती समोर बसलेली, आणि प्रश्न मला! त्या दिवशी एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली, हुपरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. पुढं एका ठिकाणी तर गर्भपिशवीच काढून टाका म्हणाले. वय अवघं ३४.

बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला होता. त्याच बायका दर हंगामाला आपल्या जिल्ह्यात कोयता घेऊन येतात. तेव्हा हळहळलो होतो. आपल्या घरात तोच सल्ला आला तेव्हा पोटात गोळा आला.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी साधा प्रश्न विचारला, "दुखतं ते पाळीच्या कितव्या दिवशी?" बहिणीनं पिशवीतनं कालनिर्णयची पानं काढली. दुधाच्या खाड्यांशेजारी तिनं दुखण्याच्या फुल्या मारून ठेवल्या होत्या. त्या फुल्या आजवर कुणी मागितल्याच नव्हत्या. मग दुर्बिणीतून तपासणी झाली आणि निदान झालं, एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, ओटीपोटात वाढतात. साध्या सोनोग्राफीत त्या दिसतीलच असं नाही. नुसती पिशवी काढली आणि बाहेरची वाढ राहिली, तर दुखणंही राहू शकतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाळीच्या वयातल्या साधारण १० टक्के मुली-बायकांना हा आजार असतो, आणि निदानाला ४ ते १२ वर्षं लागतात. आमची आठ गेली.

सगळी उत्तरं मिळाली असं नाही. तिची बोटं सकाळी आखडतात, कडी धरवत नाही. थायरॉईड बघून झालं, हिमोग्लोबिनच्या गोळ्या चालू आहेत. पण या बाईंनी केसपेपरवर स्वच्छ लिहिलं, ‘कारण अजून सापडलेले नाही, पुढे तपास करणे.’ ते वाचून बहीण तिथंच रडली. आपल्याला खरंच दुखतंय, हे कुणीतरी कागदावर लिहून दिलं होतं.

माझी मागणी मोठी नाही. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, आठवड्यातला एक दिवस जुन्या दुखण्याच्या बायकांसाठी ठेवावा. त्या दिवशी स्त्रीरोग आणि मेडिसिनचे डॉक्टर एकत्र बसावेत, म्हणजे एका बाईला चार खिडक्यांवर चार वेळा तीच कहाणी सांगावी लागणार नाही. गावोगावच्या आशाताईंकडं दुखण्याचे दिवस लिहायला एक छापील कागद द्यावा. आणि डॉक्टरांना हात जोडून विनंती आहे: कारण सापडलं नाही तर तसं लिहा, ‘मनाचं आहे’ म्हणून घरी पाठवू नका. नवरा आणि सासू तेवढंच लक्षात ठेवतात, आणि पुढच्या वेळी दवाखान्याचं भाडंही मिळत नाही.

आपली,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर